पेनड्राइव्ह बाजूला ठेवा, पुरवणी मागण्यांचं पुस्तक उघडा

कोल्हापूर, ऑगस्ट २०२५

प्रति,
महाराष्ट्र विधानसभा आणि विधान परिषदेचे सर्व सन्माननीय सदस्य,
आणि त्यातही कोल्हापूर जिल्ह्यातून निवडून गेलेले आमचे दहाही आमदार

स.न.वि.वि.

पावसाळी अधिवेशन ३० जूनला सुरू झालं आणि १८ जुलैला संपलं. त्या तीन आठवड्यांत मुंबईत काय झालं, असं आज बिंदू चौकात उभं राहून कोणालाही विचारा. हनी ट्रॅपचा पेनड्राइव्ह, डान्सबारचे आरोप, मंत्र्यांच्या खोलीतल्या बॅगेचा व्हिडिओ, आमदार निवासातल्या कँटीनमधली मारहाण, विधानभवनाच्या लॉबीतली हाणामारी आणि अधिवेशन संपल्यावर दोन दिवसांनी बाहेर आलेली कृषिमंत्र्यांच्या मोबाइलवरची रमी. चहा संपेपर्यंत सगळी यादी मिळेल, तीही क्रमवार. मग त्याच माणसाला विचारा, याच अधिवेशनात पुरवणी मागण्या, म्हणजे अर्थसंकल्पाला मागून जोडलेला जादा खर्च, किती कोटींच्या मंजूर झाल्या? तो तुमच्याकडं बघत राहील.

५७,५०९ कोटी ७१ लाख रुपये. त्याला माहीत नाही यात त्याचा दोष नाही. तुम्ही त्या आकड्यावरून भांडलातच नाही, तर तो वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर येणार कसा?

माझा याच्याशी संबंध काय, ते आधी सांगते. माझी सगळी नोकरी सरकारी लेखाशाखेत गेली. बिल तपासायचं, लेखाशीर्ष बघायचं, अनुदान शिल्लक असेल तर पुढं पाठवायचं, नसेल तर 'अनुदान उपलब्ध नाही' असा शेरा मारून परत करायचं. निवृत्तीनंतर घरात बसवेना, म्हणून आता ओळखीतल्या काही छोट्या कंत्राटदारांच्या आणि एका महिला बचत गटाच्या वह्या लिहिते. आधी मी खिडकीच्या आत होते, आता बाहेर उभी आहे. आत असताना तो शेरा म्हणजे एक ओळ होती. बाहेर आल्यावर त्या ओळीची किंमत कळते आहे.

ज्यांच्या वह्या लिहिते त्यांतला एक तरुण इंजिनिअर आहे, सुशिक्षित बेरोजगार अभियंत्यांच्या यादीतला. त्यानं एका खात्याचं ग्रामीण रस्त्याचं काम घेतलं. काम झालं, मोजमाप पुस्तकात नोंदी झाल्या, सह्या झाल्या, बिल गेलं. आणि थांबलं. डांबर उधारीवर, खडी क्रशरवाल्याकडून उधारीवर, मजुरांची पगारी पतसंस्थेचं कर्ज काढून. दर महिन्याला तो व्याजाच्या पावत्या घेऊन माझ्याकडं येतो. "मॅडम, एमबी लिहून झाली, सह्या झाल्या, आता वरनंच ग्रँट न्हाई म्हणत्यात. मी काय रस्ता उकरून परत देऊ व्हय?" या प्रश्नाला लेखासंहितेत उत्तर नाही. मी खूप शोधलं असं नाही, पण नसणारच.

राज्यातल्या कंत्राटदार संघटनांचा दावा आहे की सगळ्या खात्यांकडं मिळून त्यांचे सुमारे ८९ हजार कोटी रुपये थकले आहेत. दावा आहे, मी त्यावर डोळे झाकून विश्वास ठेवत नाही. त्यात वादातली बिलं असतील, फुगवलेलीही असतील. पण मार्चमध्ये मांडलेला यंदाचा अर्थसंकल्प ७ लाख २० कोटींचा आहे. संघटनांचा आकडा निम्मा खोटा धरला, तरी उरलेला निम्मा सरकारची झोप उडवायला पुरेसा आहे. तेव्हा खरा आकडा काय, एवढं तरी सभागृहात ठासून विचारलं जायला नको होतं का? त्यासाठी पेनड्राइव्ह लागत नाही.

ही थकबाकी होते कशी, ते आतून पाहिलं असल्यामुळं सांगू शकते. तुमच्यापैकी जुन्या सदस्यांना हे माझ्याहून चांगलं ठाऊक आहे. मतदारसंघातला रस्ता 'बजेटमध्ये घ्यायचा' असतो. त्याला खरी तरतूद करायला पैसे नसतात, मग नाममात्र तरतूद दाखवून काम पुस्तकात घालतात. काम पुस्तकात आलं की प्रशासकीय मान्यता, निविदा, नारळ, फलक. शंभर रुपये इसार देऊन बंगल्याचा सौदा केल्यासारखं हे असतं. फरक इतकाच की इथं बंगला बांधून होतो आणि मग उरलेल्या पैशांची पुरवणी मागणीत वाट बघायची. पुरवणीत थोडे येतात. तोवर नवीन नारळ फुटलेले असतात. मार्चअखेरीला बीडीएसवर, म्हणजे निधी वाटपाच्या सरकारी संगणक प्रणालीवर, रात्री उशिरापर्यंत डोळे लावून बसलेले कर्मचारी मी पाहिले आहेत, कारण पैसा सुटला तर त्याच रात्री सुटणार आणि सुटला नाही तर बिल पुढच्या वर्षात. हे कोणा एका पक्षाच्या सरकारात होतं असं नाही. मी नोकरीत असताना सगळे पक्ष येऊन गेले आणि पद्धत तीच राहिली.

पुरवणी मागणी ही घटनेच्या २०५व्या अनुच्छेदानं दिलेली सोय आहे. अर्थसंकल्प करताना जे लक्षात येणं शक्य नव्हतं, किंवा जे कमी पडलं, त्यासाठी. आता २०२४-२५ चं बघा. जून २०२४ मध्ये ६ लाख १२ हजार कोटींचा अर्थसंकल्प मांडला. जुलैत ९४,८८९ कोटींच्या पुरवणी मागण्या. डिसेंबरात ३५,७८८ कोटींच्या. मार्चमध्ये आणखी ६,४८६ कोटींच्या. बेरीज १ लाख ३७ हजार कोटींच्या वर जाते, म्हणजे मूळ अर्थसंकल्पाच्या पाचव्या हिश्शाहून जास्त. विधानसभेच्या निवडणुकीचं वर्ष होतं, हे वेगळं सांगायला नको. आमच्या कार्यालयात एखाद्या शाखेनं अंदाज एवढा चुकवला असता तर शाखाप्रमुखाला नोटीस गेली असती. इथं अंदाज चुकला असं कोणी म्हणालंही नाही.

यंदाचं वर्षही त्याच वाटेनं चाललं आहे. मार्चमध्ये महसुली तूट ४५,८९१ कोटी दाखवली होती. राजकोषीय तूट १ लाख ३६ हजार २३५ कोटी. वर्षअखेरीला राज्यावरचं कर्ज ९ लाख ३२ हजार कोटींवर जाईल, असा सरकारचाच अंदाज. सरकार म्हणतं की हे कर्ज राज्याच्या सकल उत्पन्नाच्या मानानं मर्यादेत आहे, पंचवीस टक्क्यांची मर्यादा आपण ओलांडलेली नाही. खरं आहे. महाराष्ट्र बुडालेला नाही आणि तो बुडाला असं मी म्हणत नाही. पण वर्षाचे चार महिने व्हायच्या आत ५७ हजार कोटी आणखी मागितले जातात, तेव्हा मार्चमधले ते तुटीचे आकडे कोणत्या अर्थानं खरे उरतात, हा प्रश्न तुम्हाला पडायला हवा होता. विधानसभेचे सदस्य म्हणून तुमच्या हातात कपात सूचना आहे. मागणी मंजूर करा, नामंजूर करा किंवा कमी करा, हा अधिकार घटनेनं मुख्यमंत्र्यांना नाही, तुम्हाला दिला आहे. 'होय'चं बहुमत, मागणी मंजूर, असं पुकारलं जात असताना तुमच्यातले किती जण जागेवर होते, हे तुम्हीच आठवून बघा.

लाडकी बहीण योजनेचं उदाहरण घेते, कारण तिथं सगळं स्वच्छ दिसतं.

जुलैच्या शेवटी बातमी आली की १४ हजार २९८ पुरुषांनी या योजनेचे पैसे घेतले. रक्कम सुमारे २१ कोटी ४४ लाख. केवढा गदारोळ! चर्चा, टोमणे, चौकशीच्या मागण्या, वसुलीच्या घोषणा. होऊ दे, व्हायलाच पाहिजे. ज्यानं घेतले त्याच्याकडून वसूल करा आणि ज्या यंत्रणेनं अर्ज पास केले तिलाही विचारा.

आता कागद घ्या. यंदा या योजनेसाठी तरतूद आहे ३६ हजार कोटींची. एका बहिणीला महिन्याला १,५०० म्हणजे वर्षाला १८ हजार. ३६ हजार कोटींत बरोबर दोन कोटी बहिणी बसतात. आणि जूनचा हप्ता किती जणींना गेला? सरकारच्याच सांगण्याप्रमाणं सुमारे सव्वादोन कोटींना. सव्वादोन कोटींना वर्षभर द्यायचे तर साडेचाळीस हजार कोटी लागतात. साडेचार हजार कोटी कमी आहेत. शिवाय निवडणुकीत शब्द दिला होता २,१०० रुपयांचा. तो पाळायचा तर दोन कोटींनाही ५० हजार कोटींच्या वर लागतील. हे गणित सातवीतली मुलगी करेल. सभागृहात ते मोठ्यानं कोणी केलं नाही. एकवीस कोटींवर सगळे तुटून पडले, साडेचार हजार कोटींवर शांतता.

मग ती फट कशी बुजते? मे महिन्यात दिसलं. सामाजिक न्याय विभागाचे ४१० कोटी ३० लाख आणि आदिवासी विकास विभागाचे ३३५ कोटी ७० लाख या योजनेकडं वळले. खुद्द सामाजिक न्यायमंत्र्यांनी त्यावर उघड नाराजी सांगितली. वसतिगृहातल्या पोराच्या निर्वाहभत्त्याचा पैसा कमी पडला तर तो मुंबईपर्यंत ओरडत येऊ शकत नाही, एवढाच या व्यवस्थेचा आधार. माझ्या गल्लीतल्या निम्म्या बायकांना हे दीड हजार मिळतात. गॅस, मुलांच्या वह्या, सासूचं औषध यांत ते जातात. मला ही योजना बंद पडायला नको आहे. म्हणूनच विचारते, तिचे पैसे कुठून येणार ते लिहून द्या. हप्ता लांबला की सगळ्यात आधी त्याच बायका माझ्या दारात येऊन विचारतात.

आता डाळीकडं येते.

८ जुलैच्या रात्री आकाशवाणी आमदार निवासातल्या कँटीनमधली डाळ शिळी निघाली म्हणून एका सन्माननीय सदस्यांनी तिथल्या कर्मचाऱ्याला मारलं. देशभर व्हिडिओ गेला. त्या मारण्याबद्दल बोलणारे खूप आहेत, मी बोलत नाही. माझं लक्ष गेलं ते पुढच्या गोष्टीकडं. दुसऱ्याच दिवशी अन्न व औषध प्रशासनानं तपासणी करून त्या कँटीनचालकाचा परवाना निलंबित केला. चोवीस तास! सरकारी यंत्रणा इतक्या वेगानं हलू शकते, हे मला एवढी नोकरी करूनही माहीत नव्हतं.

मी ज्या बचत गटाच्या वह्या लिहिते, तो शिवभोजन केंद्र चालवतो. थाळीत दोन चपात्या, वाटीभर भाजी, भाताची मूद आणि वाटीभर वरण. जेवणारा दहा रुपये देतो. शहरात थाळीमागं चाळीस रुपये सरकारनं द्यायचे. दिवसाला दीडशे थाळ्या धरल्या तर दिवसाचे सहा हजार, महिन्याचे एक लाख ऐंशी हजार. एवढी रक्कम काही महिने आली नाही, की गटातल्या बायकांच्या मंगळसूत्रांपर्यंत गोष्ट जाते. गेली आहे. तरी केंद्र बंद नाही. बाजारसमितीतला हमाल, एसटी स्टँडवरचा एकटा म्हातारा, सीपीआर रुग्णालयात पेशंटजवळ बसलेली खेड्यातली बाई, यांना 'उद्या या' म्हणून सांगता येत नाही. गटाच्या अध्यक्ष मावशी मला म्हणाल्या, "आमदारसाहेबांस्नी आमचं वरण खाऊ घाला एकदा, मग तरी बिल निघंल." त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. त्यांना खरंच वाटत होतं की बिल काढायची हीच पद्धत असेल.

तुम्ही म्हणाल, बाई, मग घोटाळे झाकून ठेवायचे का? चौकश्या करायच्याच नाहीत?

करा की. नीट करा. पण 'चौकशी' म्हणून सभागृहात जे चालतं त्याचा इतिहास तुमच्यासमोर ठेवते. सिंचन घोटाळा कसा बाहेर आला होता? कोणी छुपा कॅमेरा लावला नव्हता. राज्याच्या आर्थिक पाहणी अहवालातला एक आकडा होता : दहा वर्षांत सिंचन क्षेत्र जेमतेम ०.१ टक्का वाढलं. खर्च मात्र सुमारे ७० हजार कोटी. कोणीतरी तो कंटाळवाणा अहवाल वाचला, दोन रकाने शेजारी ठेवले आणि सरकार हादरलं. सप्टेंबर २०१२ मध्ये अजित पवार यांनी उपमुख्यमंत्रिपदाचा राजीनामा दिला, नोव्हेंबरात श्वेतपत्रिका आली, डिसेंबरात ते परत पदावर आले. मग चितळे समिती, मग भाजपच्या नेत्यांनी बैलगाडीतून नेलेले पुरावे, मग लाचलुचपत प्रतिबंधक विभाग. नोव्हेंबर २०१९ मध्ये त्यांतल्या नऊ प्रकरणांची चौकशी बंद झाल्याची बातमी आली. आणि पुढं बैलगाडीवाले आणि ज्यांच्यावर आरोप होते ते, एकाच मंत्रिमंडळात बसले. कोण खरं होतं हे मला ठरवायचं नाही. मला एवढंच दिसतं, की त्या सगळ्या काळात किती अधिवेशनं त्या आरोपांनी खाल्ली आणि धरणांची अपुरी कामं किती वर्षं अपुरी राहिली. पाणी कुठं वाढलं, हा मूळ प्रश्न तिसऱ्याच महिन्यात मागं पडला होता.

म्हणजे खरा घोटाळा शोधायचा तर हिशेबाची वही वाचावी लागते. तेच काम तुम्ही सोडलं आहे. भारताचे महालेखापरीक्षक दरवर्षी राज्याच्या वित्तव्यवस्थेवर अहवाल देतात. तो बहुतेक वेळा अधिवेशनाच्या अखेरच्या दिवशी पटलावर येतो, जेव्हा तुमच्या गाड्या पोर्चमध्ये लागलेल्या असतात. त्यात पेनड्राइव्हपेक्षा जास्त मसाला असतो, असं माझं अनुभवाचं मत आहे. फक्त तो वाचायला बसावं लागतं आणि त्यात कोणाचा फोटो नसतो.

हनी ट्रॅपचंच घ्या. विरोधी सदस्यांनी पेनड्राइव्ह दाखवला, मुख्यमंत्र्यांनी असं काही प्रकरण नाही असं सांगितलं. पुढं काय? पुरावा असेल तर तो पोलिसांत द्यावा, न्यायालयात द्यावा. नसेल तर दाखवू नये. सभागृहाच्या वेळाचा त्यात काय उपयोग झाला? लॉबीत कार्यकर्ते एकमेकांच्या अंगावर गेले, त्यावर निवेदनं, खेद, पुन्हा गोंधळ. कृषिमंत्र्यांच्या मोबाइलवरच्या पत्त्यांचा शेवट ३१ जुलैला खातं बदलण्यात झाला. शेतकऱ्याच्या कर्जमाफीचं मात्र जाहीरनाम्यातलं वाक्य तेव्हा तिथंच राहिलं. मार्चअखेरीला अर्थमंत्र्यांनी पीककर्जाचे हप्ते भरा असं सांगून टाकलं होतं, निदान ते स्पष्ट तरी होतं. नव्या कृषिमंत्र्यांना त्या कर्जमाफीसाठी पैसे कुठून आणणार, असं एखाद्यानं विचारलेलं माझ्या वाचनात आलं नाही. पत्ते कोणते होते यावर मात्र पुष्कळ वाचलं.

आता कोल्हापूरच्या सदस्यांशी थोडं वेगळं बोलायचं आहे.

आमच्या महापालिकेत नोव्हेंबर २०२० पासून पाच वर्षं प्रशासक होता. जिल्हा परिषदेत मार्च २०२२ पासून. नगरसेवक नव्हता, झेडपी मेंबर नव्हता. पैशाबद्दल विचारायला आम्हाला आमदाराशिवाय माणूसच उरला नव्हता. आणि जिल्ह्यातल्या दहाच्या दहा जागा सत्तेच्या बाजूला. विधानसभेला तर विरोधी पक्षनेताही नाही. दोन कॅबिनेट मंत्री जिल्ह्याचे आहेत, त्यातही एकाकडं सार्वजनिक आरोग्य आणि दुसऱ्याकडं वैद्यकीय शिक्षण. ही आमची ताकद म्हणून सांगितली जाते. मग त्या ताकदीनं काही प्रश्न विचारा.

केशवराव भोसले नाट्यगृह ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री जळालं. शाहू महाराजांनी बांधलेलं थिएटर, पुऱ्या शहरानं ती रात्र रडत काढली. वर्ष झालं. काम चालू आहे, मान्य. पण जाहीर झालेला निधी, हातात आलेला निधी आणि खर्च झालेला निधी हे तीन आकडे एका कागदावर कोणी कोल्हापूरकरांना दाखवले आहेत का? ६ मे रोजी चौंडीच्या मंत्रिमंडळ बैठकीत अंबाबाई मंदिर परिसरासाठी १,४४५ कोटींचा आणि जोतिबासाठी २५९ कोटींचा आराखडा मंजूर झाला. फलक लागले. मंदिराभोवतीचे दुकानदार आणि घरमालक तेव्हापासून जीव मुठीत धरून आहेत. त्या १,४४५ कोटींतले यंदाच्या पुस्तकात किती? हा प्रश्न मी नव्हे, तुम्ही विचारायचा. जुलैच्या पुरवणीत सहकारी साखर कारखान्यांच्या कर्जासाठी २,१८२ कोटी होते. आपल्या जिल्ह्याला कारखानदारी नवी नाही, तुमच्यातल्या काहींचे तर स्वतःचे गट आहेत. कोणत्या कारखान्याला, कोणत्या अटीवर, मागच्या कर्जाचं काय झालं, हे ऊस घालणाऱ्याला कळायला नको?

आणि शक्तिपीठ महामार्ग. १ जुलैला, म्हणजे अधिवेशनाच्या दुसऱ्याच दिवशी, शिरोलीजवळ पंचगंगेच्या पुलावर त्याच्या विरोधात शेतकऱ्यांनी पुणे-बंगळूर महामार्ग अडवला. जमिनीचा प्रश्न त्यांनी मांडलाच आहे, त्यात मी भर घालत नाही. मी पैशाचं विचारते. ८०२ किलोमीटर, ८६,३०० कोटी. २४ जूनला मंत्रिमंडळानं भूसंपादन आणि आखणीसाठी २०,७८७ कोटींना मंजुरी दिली, त्यांतले १२ हजार कोटी हुडको या केंद्राच्या वित्तसंस्थेचं कर्ज काढून. वित्त विभागानं राज्याच्या वाढत्या कर्जभारावरून चिंता नोंदवल्याच्या बातम्या आल्या. वित्त विभागातली माणसं उगाच चिंता नोंदवत नाहीत. ती टिपणी लिहिताना हात कसा कापतो ते मला माहीत आहे. ती टिपणी सभागृहात वाचून दाखवा, असा आग्रह आमच्या दहांपैकी कोणी धरला? विरोधातल्यांनी तरी धरला? ज्या रस्त्याला सुपीक जमीन द्यायला शिरोळपासून भुदरगडपर्यंतचा शेतकरी तयार नाही, त्या रस्त्याच्या कर्जाचं व्याज भरायला पैसे आहेत आणि झालेल्या गावरस्त्याच्या बिलाला नाहीत, हे त्या तरुण इंजिनिअरला मी कोणत्या तोंडानं समजावू?

आमचं कोल्हापूर गप्प बसणारं गाव नाही. याच महिन्याच्या सुरुवातीला नांदणीच्या माधुरी हत्तिणीसाठी हजारो लोक नांदणीहून चालत कलेक्टर कचेरीवर आले आणि दोन दिवसांत मुंबईत मुख्यमंत्र्यांनी बैठक लावली. कळलं की माणसं चालतात. पैशांचं त्यांना कळू दिलं जात नाही, हीच माझी तक्रार आहे. शाहू महाराजांचं नाव घेतल्याशिवाय इथं एकही भाषण सुरू होत नाही. त्यांनी १९१७ मध्ये सक्तीचं मोफत शिक्षण जाहीर केलं, तेव्हा त्यासाठी पैसा उभा करायची सोयही केली होती. तेवढा भाग भाषणातून गळतो.

आता मागण्या. त्या साध्या आहेत आणि एकीलाही नवीन कायदा लागत नाही.

ज्या आरोपात पुरावा आहे तो त्याच दिवशी पोलिसांकडं किंवा लाचलुचपत प्रतिबंधक विभागाकडं द्या. तपास यंत्रणेला मुदत घाला आणि त्या मुदतीअखेरीला मंत्र्यांनी सभागृहात एक निवेदन करावं. मधल्या काळात त्यावर कामकाज बंद पाडू नये. हे दोन्ही बाजूंना सांगते, कारण तुम्ही बाजू बदललीत की गोंधळाची सवयही सोबत घेऊन जाता.

डिसेंबरात नागपूरला पुन्हा पुरवणी मागण्या येतील. त्यांचं पुस्तक सदस्यांना निदान आठवडाभर आधी मिळावं आणि चर्चेला पूर्ण दोन दिवस राखून ठेवावेत. त्या दोन दिवसांत ज्या खात्याची मागणी आहे त्याचे मंत्री जागेवर हवेत. प्रत्येक मोठ्या मागणीपुढं एक ओळ लिहा : मार्चमध्ये ही गरज का दिसली नव्हती.

सगळ्या खात्यांकडच्या प्रलंबित देयकांचं जिल्हावार पत्रक नागपूरच्या पहिल्या दिवशी पटलावर ठेवा. बिल कोणत्या तारखेला दाखल झालं, ते त्यात असू द्या. ८९ हजार कोटी खोटे असतील तर सरकारला ते खोटं ठरवायची एवढी चांगली संधी मिळणार नाही. शिवभोजनासारख्या केंद्रांची बिलं मात्र पत्रकाची वाट न बघता दसऱ्याच्या आत द्या, ती रक्कम तुमच्या एखाद्या उड्डाणपुलाच्या सुशोभीकरणाइतकीही नसेल.

लाडक्या बहिणी किती, तरतूद किती, फरक किती आणि तो कुठून भरणार, हे एका पानावर जाहीर करा. मागासवर्गीय आणि आदिवासींच्या तरतुदीतून तो भरणार नाही, असं लेखी द्या.

शक्तिपीठावरची वित्त विभागाची टिपणी प्रसिद्ध करा, आणि ती प्रसिद्ध होऊन तिच्यावर चर्चा होईपर्यंत कोल्हापूर जिल्ह्यात मोजणीचा माणूस पाठवू नका.

महालेखापरीक्षकांचा अहवाल अधिवेशनाच्या पहिल्या आठवड्यात मांडा.

आणि आमच्या दहा आमदारांना, तसंच विधान परिषदेतल्या आमच्या सदस्यांना वेगळी विनंती. तुमच्या आमदार निधीच्या पाच कोटींतला रुपया कुठल्या गल्लीत गेला हे तुम्हाला तोंडपाठ असतं. तेवढ्याच आस्थेनं पुरवणी मागण्यांत कोल्हापूरला काय आलं आणि काय राहिलं हे सांगायला, नागपूरला जाण्यापूर्वी दसरा चौकात शाहू स्मारक भवनात एक संध्याकाळ द्या. हार-तुरे, सत्कार, व्यासपीठावर चाळीस खुर्च्या असं काही नको. एक टेबल, पुस्तक आणि तुम्ही. शहरात माझ्यासारखे निवृत्त लेखा कर्मचारी पुष्कळ आहेत. प्रश्न आम्ही आधी लेखी देऊ, म्हणजे तुम्हाला अधिकाऱ्यांकडून माहिती घ्यायला वेळ मिळेल. थकलेल्या बिलांच्या टोकन क्रमांकांची यादी कंत्राटदार आणि बचत गट घेऊन येतील. नोव्हेंबरचा कोणताही शनिवार चालेल. तारीख तुम्ही कळवा, सभागृहाचं भाडं आम्ही वर्गणी काढून भरतो.

आपली,
कोल्हापुरातील एक निवृत्त लेखा कर्मचारी